कान वाजतो, त्याची आधी श्रवणचाचणी व्हावी

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, बुलढाणा
विषय : हिवरा आश्रम (ता. मेहकर) परिसर, कर्णनाद आणि श्रवणदोष

बाहेर कुठलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येत राहणे याला वैद्यकात कर्णनाद म्हणतात. मेहकर तालुक्यातल्या दवाखान्यांत ही तक्रार ‘कान वाजतो’, ‘कानात भणभण करते’, ‘रातकिडा बसल्यासारखा वाटतो’ अशा शब्दांत येते. कुणाला तो आवाज शिट्टीसारखा असतो, कुणाला कुकरची वाफ सुटल्यासारखा, कुणाला गिरणीच्या पट्ट्यासारखा घरघरता. एका कानात, दोन्ही कानांत किंवा नेमका कुठे हे सांगता न येणारा, असाही तो असतो. कर्णनाद हा स्वतंत्र रोग नाही, लक्षण आहे. आणि बहुतेक वेळा ते एकाच गोष्टीचे लक्षण असते : त्या माणसाचे ऐकणे कमी झाले आहे.

रुग्ण मात्र ही साखळी उलटी लावतो. ‘कानात आवाज येतो म्हणून लोकांचे बोलणे ऐकू येत नाही, तेवढा आवाज बंद करून द्या,’ असे तो सांगतो. आवाज त्याला जाणवतो, ऐकण्यातली तूट जाणवत नाही. त्यामुळे जाणवणाऱ्या गोष्टीवर दोष जाणे साहजिक आहे. अडचण अशी, की पुष्कळदा डॉक्टरही ही साखळी तशीच स्वीकारतात आणि कान न तपासता गोळ्यांची पट्टी लिहून देतात. महिनाभराने आवाज तसाच असतो, ऐकण्याची तूट तशीच असते आणि ‘याला इलाज नाही’ हा निकाल गावभर होतो.

प्रमाण किरकोळ नाही. २०२२ साली ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार जगातल्या प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनादाचा अनुभव असतो. माणसांत मोजले तर ७४ कोटींहून अधिक. त्यांपैकी १२ कोटींहून अधिक लोकांना तो तीव्र स्वरूपात आहे. बुलढाणा जिल्ह्याची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. जगाचे प्रमाण जसेच्या तसे लावले तरी जिल्ह्यात दोन लाखांच्या वर प्रौढ निघतात. भारतात लक्षणीय श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ६ कोटी ३० लाख असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज केंद्र सरकारच्या कार्यक्रमपत्रिकांतही दिलेला असतो.

या दोन गोष्टींचे नाते समजायला आंतरकर्णापासून सुरुवात करावी लागते. कॉक्लिया या वेटोळे घातलेल्या नळीत प्रत्येक कानात सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केसपेशी असतात. आतल्या पेशी आवाजाचा विद्युतसंदेश करून श्रवणचेतेकडे देतात. बाहेरच्या पेशी बारीक आवाज उचलून वाढवतात. नळीच्या तोंडाशी उंच स्वरांच्या पेशी, आतल्या टोकाशी खर्जाच्या, अशी त्यांची जागा ठरलेली असते. माणसात आणि एकूणच सस्तन प्राण्यांत या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हातारपण, मोठा आवाज, काही औषधे या सगळ्यांचा पहिला घाव तोंडाजवळच्या, म्हणजे उंच स्वरांच्या पेशींवर बसतो.

तूट बराच काळ लपून राहते ती याच कारणाने. मराठी बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यात जोर असतो आणि ते नीट ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ख’ यांसारखी व्यंजने उंच पट्टीत आणि हलकी असतात, ती गळतात. ‘साठ’मधला ‘स’ गळला की ‘आठ’ उरतो. बाजार समितीत भाव विचारणाऱ्या म्हाताऱ्याला बोलल्याचे कळते, काय बोलले ते कळत नाही. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ ही तक्रार खोटी किंवा विसराळूपणाची नसते, श्रवणचाचणीच्या आलेखाच्या, म्हणजे ऑडिओग्रामच्या, उजव्या बाजूला, जिथे उंच स्वर असतात, ती चक्क उतरलेली दिसते. त्याच माणसाला हळू बोललेले ऐकू येत नाही आणि जरा मोठ्याने बोलले की ‘ओरडतोस कशाला’ म्हणून तो चिडतो. यातही विसंगती नाही. बाहेरच्या केसपेशी गेल्यावर बारीक आवाज हरवतो, मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. सोसण्याची पट्टी अरुंद होते.

कानातून येणारा मजकूर असा कमी झाला की मेंदू गप्प बसत नाही. श्रवणमार्गावरची केंद्रे, विशेषतः मेंदूच्या बुंध्यातले पृष्ठीय श्रवणकेंद्र, आपली संवेदनक्षमता वाढवतात. लांबचे केंद्र लागत नाही म्हणून रेडिओचा आवाज वाढवला की बातम्यांबरोबर खरखरही वाढते. तसेच इथे चेतापेशींची जी हालचाल एरवी लक्षातही येत नाही ती आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. ज्या पट्टीत ऐकणे गेले, कर्णनादाची पट्टी बहुधा तीच असते. चार हजार हर्ट्झला खड्डा पडलेल्या माणसाला शिट्टी ऐकू येते, खर्जाची घरघर सहसा नाही. ज्यांना पाय कापल्यावरही त्या नसलेल्या पायात कळ येते, त्यांच्या दुखण्याशी तज्ज्ञ याची तुलना करतात आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे.

आवाज कानात ‘भरलेला’ नसतो, याचा भक्कम पुरावा शस्त्रक्रियेतून मिळाला. श्रवणचेतेवरची गाठ काढताना ती चेताच कापावी लागलेल्या रुग्णांचा आढावा हाऊस आणि ब्रॅकमन यांनी १९८१ साली घेतला. कान आणि मेंदू यांचा संबंधच तुटल्यावर आवाज थांबायला हवा होता. पुष्कळ रुग्णांत तो थांबला नाही, काहींत वाढला. त्याआधी १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी ८० निरोगी, चांगले ऐकणाऱ्या माणसांना ध्वनिबंद खोलीत बसवून काय ऐकू येते ते लिहायला सांगितले होते. ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज नोंदवला. म्हणजे पार्श्वभूमीची खरखर जवळपास सर्वांनाच असते. श्रवणदोष तिला पुढे आणतो.

या नात्याला अपवाद दिसतात, पण ते नीट पाहावे लागतात. कर्णनाद असलेल्या काहींचा ऑडिओग्राम पूर्ण सामान्य येतो. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवले, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याचा उंबरठा पूर्ववत झाला तरी केसपेशी आणि चेता यांच्यातले जोड मोठ्या संख्येने कायमचे तुटलेले असतात. माणसातही असे होत असावे, असे मानण्यास आधार आहे. त्याला छुपा श्रवणदोष म्हणतात. नेहमीची ऑडिओमेट्री साधारण आठ हजार हर्ट्झपर्यंतच मोजते, त्याच्या वरची तूट तिच्यात दिसतच नाही. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुमच्या मनाचा खेळ आहे’ हे वाक्य रुग्णाला ऐकवण्यासारखे नाही. उलट बाजूने, श्रवणदोष असलेल्या सर्वांना कर्णनाद होतोच असेही नाही. अनेक बहिऱ्या माणसांचे कान शांत असतात. का, याचे पूर्ण उत्तर शास्त्राकडे अजून नाही.

आवाजाची तीव्रता आणि त्रास यांचाही सरळ हिशेब नसतो. यंत्राने जुळवून पाहिले तर बहुतेकांचा कर्णनाद त्या पट्टीतल्या त्यांच्या उंबरठ्यापेक्षा पाचदहा डेसिबलच वर भरतो. रुग्ण मात्र ‘जेट विमान’ म्हणतो आणि त्याला तसेच वाटत असते. त्रास ठरतो तो मेंदू त्या आवाजाला धोका मानतो की नाही यावर. भीती, झोपमोड, आता बहिरेपण येणार ही धास्ती यांनी लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जाते आणि आवाज पक्का होत जातो. १९९० साली पावेल जस्ट्रेबॉफ यांनी मांडलेल्या प्रारूपाचा गाभा हाच आहे. दात घट्ट आवळले किंवा मान वळवली की पुष्कळांचा आवाज बदलतो. जबडा-मानेच्या संवेदना त्याच श्रवणकेंद्रात येऊन मिळतात म्हणून. काही रुग्ण यालाच घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. कर्णनादामुळे बहिरेपण येत नाही, ही गोष्टही प्रत्येक रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगण्यासारखी आहे.

उन्हाळ्यात रात्रभर कूलर घरघरत असतो आणि कर्णनाद त्याखाली झाकला जातो. पौषात कूलर-पंखे बंद, दारे-खिडक्या लावलेल्या, गावात सामसूम. अशा वेळी तोच आवाज डोके वर काढतो. हिवाळ्यात ‘एकदम सुरू झाला’ असे सांगणाऱ्या रुग्णाचा आवाज अनेकदा जुनाच असतो.

हिवरा आश्रम परिसरात श्रवणदोषाची कारणे कोणती, याचे उत्तर बरेचसे शेतीत आहे. मेहकर, लोणार, चिखली हा पट्टा सोयाबीनचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरवर चालणारे मळणी यंत्र, म्हणजे हडंबा, या शेतातून त्या शेतात फिरते, आणि त्यावर काम करणारी टोळी तीच असते. पेंढ्या घालणारा माणूस यंत्राच्या तोंडाशी हातभर अंतरावर उभा राहतो. पाठोपाठ तूर, मग हरभरा, मग गहू. भारतात झालेल्या मोजमापांत केबिन नसलेल्या ट्रॅक्टरच्या चालकाच्या कानाशी आणि मळणी यंत्राशेजारी ९० डेसिबलच्या वर आवाज वारंवार भरला आहे. व्यवसायजन्य आवाजाचा आज सर्वसाधारणपणे मानला जाणारा हिशेब असा : ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. सोयाबीन काढणीतला दिवस दहाबारा तासांचा असतो. त्यात अलीकडे ट्रॅक्टरवर स्पीकर बसवण्याची हौस आली आहे, आणि इंजिनाच्या वर गाणे ऐकू येण्यासाठी ते इंजिनाहून मोठे लावावे लागते.

कायद्याचे इथे एक विचित्र चित्र दिसते. कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा तरी आहे. शेतात ती नाही. मळणी यंत्रात हात जाऊ लागले तेव्हा १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा केला. तुटलेला हात सर्वांना दिसतो. त्याच यंत्रापाशी गेलेले कान कुठल्याच नोंदीत येत नाहीत, कारण ते दहापंधरा वर्षांत थोडेथोडे जातात आणि तोवर माणूस पन्नाशीला येऊन ‘वयाने झाले’ असे मानले जाते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ते नियम परिसराची शांतता मोजतात, कामकऱ्याच्या कानावर दिवसभरात पडलेला भार मोजत नाहीत.

दुसरे कारण क्षणाचे आहे. रानडुकरे आणि रोही हाकलण्यासाठी रात्री शेतात सुतळी बॉम्ब फोडतात. फटाक्याला कायद्याने चार मीटर अंतरावर जी कमाल मर्यादा आहे तीच १४५ डेसिबल शिखराची आहे. हातभर अंतरावर वात पेटवणाऱ्याच्या कानाला त्याहून बरेच जास्त लागते. अशा एका स्फोटाने केसपेशींची रांगच्या रांग उखडू शकते. लग्नातला डीजे या दोघांच्या मधला प्रकार : कानठळ्या बसतात, दुसऱ्या दिवशी कान भरल्यासारखे वाटतात, शिट्टी वाजत राहते, दोनतीन दिवसांत सगळे ओसरते. ओसरले म्हणजे नुकसान झाले नाही, असे आता समजता येत नाही. वर आलेला उंदरांवरचा प्रयोग हेच सांगतो. डीजेपुढे किंवा हडंब्यावर कापसाचा बोळा कानात घालण्याची किंवा रुमाल बांधण्याची पद्धत आहे. त्याने आवाज फार थोडा अडतो. दाबून घालायचे फोमचे इअरप्लग किंवा कानावरचे मफ नीट बसले तर वीसेक डेसिबलचा फरक पाडतात; ट्रॅक्टरच्या एका सर्व्हिसिंगपुढे त्यांची किंमत काहीच नाही.

बाकी कारणे देशभरातलीच आहेत. वयाने येणारी तूट सर्वांत मोठी. लहानपणापासून फुटणारा, वाहणारा कान हे ग्रामीण भागातले जुने दुखणे. पडद्याला भोक राहते आणि बाहेरचे आवाज कमी झाल्यावर आतले जाणवतात. साधा मळ साचूनही कान वाजतो, आणि हा प्रकार पाच मिनिटांत बरा होतो. कानात गरम तेल, लसणीचे तेल, काडी, किल्ली घालण्याच्या सवयीने मात्र मळ आत ढकलला जातो, त्वचा सोलते, कधी पडदाही जातो. औषधांपैकी स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकॅसिन या गटाचा आणि कर्करोगावरच्या सिस्प्लॅटिनचा उल्लेख आवश्यक आहे. क्षयरोग पुन्हा उलटलेल्या रुग्णांना पूर्वीच्या सरकारी उपचारपद्धतीत दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली जात. तेव्हा जीव वाचला हे खरेच; त्यांपैकी काहींचे कान आजही वाजतात. अशा रुग्णाला जुने कार्ड विचारले पाहिजे. क्विनीन आणि मोठ्या मात्रेतले अॅस्पिरिन यांनी येणारा कर्णनाद बहुधा औषध थांबवल्यावर जातो.

थोड्या रुग्णांत मात्र कर्णनाद वेगळ्या, कधी तातडीच्या आजाराची खूण असतो. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज रक्तवाहिन्यांकडे किंवा रक्तक्षयाकडे बोट दाखवतो. बायकांत हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय त्याला कानाचा आजार म्हणू नये. केवळ एकाच कानात आवाज आणि त्याच बाजूची ऐकण्यातली घट असेल तर श्रवणचेतेवरच्या गाठीची शक्यता तपासावी लागते. चक्कर, उलटी, कान भरून येणे आणि खर्जातली घरघर असे झटके येत असतील तर मेनिएरचा आजार. तरुण स्त्रीचे ऐकणे गरोदरपणात घसरले, पडदा स्वच्छ आहे, तर रिकिबीचे हाड जखडलेले असू शकते आणि त्यावर शस्त्रक्रिया आहे.

या सर्वांत घाईचा प्रकार एकच. रात्री बरा झोपलेला माणूस सकाळी उठतो आणि एका कानाने ऐकू येत नाही, कान वाजतो आहे. घरचे म्हणतात, दडा बसला असेल, सर्दी आहे, तेल टाका. तीन दिवसांच्या आत आलेला असा चेताजन्य बहिरेपणा ही आणीबाणी आहे. स्टेरॉइड जितके लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, तितकी ऐकणे परतण्याची आशा जास्त. दडा आणि हा आजार वेगळे करायला यंत्र लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ५१२ हर्ट्झचा नादकाटा असेल तर तो कपाळाच्या मध्यावर टेकवावा. तोही नसेल तर रुग्णाला तोंड मिटून ‘हूं’ असा आवाज काढायला सांगावा. आवाज दुखऱ्या कानाकडे गेला तर अडथळा मळाचा, सर्दीचा, पडद्याचा. चांगल्या कानाकडे गेला तर चेता गेली आहे आणि रुग्णाला त्याच दिवशी पुढे पाठवले पाहिजे. आशा सेविकेला शिकवता येईल इतकी ही गोष्ट सोपी आहे.

उपचाराबाबत शास्त्राची भूमिका गेल्या दशकभरात बरीच स्वच्छ झाली आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत सततच्या, त्रासदायक कर्णनादासाठी नेहमीच्या औषधांची शिफारस नाही. गिंको बिलोबा आणि जस्त-जीवनसत्त्वांचे पूरक तर स्पष्टपणे नाकारले आहेत. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२० साली सांगितले, की निव्वळ कर्णनादासाठी बीटाहिस्टिन देऊ नये. आपल्याकडे तीच गोळी सर्वाधिक लिहिली जाणाऱ्यांपैकी आहे. ती चक्करेच्या काही आजारांत वापरतात, कान वाजण्यावर नाही. उपयोगाच्या ठरलेल्या गोष्टी तीन : नीट समजावून सांगणे, ऐकण्यात तूट असेल तर श्रवणयंत्र, आणि झोप-चिंता बिघडली असेल तर बोधात्मक वर्तनोपचार. वर्तनोपचाराने आवाज बंद होत नाही, त्याचा जाच कमी होतो, आणि पुराव्याच्या दृष्टीने सध्या तोच सर्वांत बळकट उपचार आहे. तो देणारा माणूस तालुक्यात मिळणे कठीण. २०२२पासून सुरू असलेली टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा (१४४१६) निदान झोप उडालेल्या, खचलेल्या रुग्णासाठी हाताशी आहे.

श्रवणयंत्राचे काम दुहेरी असते. गळणारी व्यंजने परत मिळतात, आणि मेंदूला हवा असलेला मजकूर पुन्हा मिळू लागला की त्याला आपली संवेदनक्षमता वाढवून ठेवण्याची गरज उरत नाही. सर्वांना सारखा गुण येत नाही, पण तूट असलेल्या रुग्णासाठी यंत्र ही पहिली पायरी आहे, आणि ती ऑडिओग्रामशिवाय चढता येत नाही. जत्रेत, बसस्थानकावर किंवा टपालाने हजार-बाराशेला मिळणारी ‘कानाची मशीन’ सगळेच आवाज सरसकट मोठे करते. चार हजार हर्ट्झला तूट असलेल्या माणसाला तिच्यातून ‘स’ काही ऐकू येत नाही, ताट-वाटीचा खणखणाट तेवढा येतो. आठवड्याभरात ती फडताळात जाते आणि श्रवणयंत्र या वस्तूवरचाच विश्वास उडतो.

सरकारी मदतीची दारे आहेत. केंद्राच्या अॅडिप योजनेतून आणि राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्रे मिळतात. राज्याची २०२४ची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साहित्यासाठी एकरकमी ३ हजार रुपये देते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे माप मात्र कडक आहे : दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तूट म्हणजे कमी ऐकू येणारा, ७०च्या वर बहिरा. हडंब्यावर कान गेलेला चाळिशीचा शेतमजूर या मापात बसत नाही. त्याचा खड्डा तीन ते सहा हजार हर्ट्झमध्ये असतो, बोलण्याच्या पट्टीची सरासरी त्याने फारशी हलत नाही. आणि कर्णनादाला त्या मोजमापात जागाच नाही. प्रमाणपत्र मिळणार नाही म्हणून चाचणीही नाही, असा व्यवहारी विचार रुग्ण करतो. तो मोडून काढायचा तर चाचणी त्याच्या दाराशी न्यावी लागते.

बधिरता प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि पुढे वाढवला गेला. त्याच्या रचनेत आशा सेविकेपासून वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत प्रशिक्षण आहे, प्राथमिक केंद्रात कान तपासण्याचे साहित्य आहे, आणि ऑडिओमीटर व ऑडिओलॉजिस्ट जिल्हा रुग्णालयात आहेत. मेहकर तालुक्यातल्या रुग्णाला त्यासाठी चिखलीमार्गे बुलढाणा गाठावे लागते. २०२४ साली बुलढाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. कान-नाक-घसा विभाग आता जिल्ह्याच्या ठिकाणी वाढेल, आणि त्या विभागाला बाहेर पडून काम करायला हिवरा आश्रमाइतकी सोयीची जागा पश्चिम विदर्भात दुसरी शोधावी लागेल.

शुकदास महाराजांनी हिवरा आश्रम येथे उभा केलेला विवेकानंद आश्रम रुग्णसेवेसाठी पहिल्यापासून ओळखला जातो. पौष वद्य सप्तमीच्या, म्हणजे तिथीने येणाऱ्या विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तिथे विदर्भ-मराठवाड्यातून लाखोंच्या संख्येने लोक येतात. शेतात आखलेल्या पंगतींना ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. यातले बहुसंख्य लोक हडंबा, ट्रॅक्टर, विहिरीवरचे इंजिन, जिनिंग, पिठाची गिरणी यांच्याशी रोज संबंध असलेले, आणि एरवी कानासाठी बुलढाण्याला कधीच न जाणारे. सोयाबीन घरात आलेले असते, हरभरा-गहू उभा असतो. श्रवणतपासणीला यापेक्षा बरे दिवस नाहीत.

अशी तपासणी मांडवात होऊ शकत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे लागेल. गर्दीच्या गलक्यात ऑडिओमेट्री केली की पाचशे हर्ट्झच्या आसपासचे आकडे खोटे वाढतात आणि निरोगी माणूस बहिरा ठरतो. ध्वनिक्षेपकापासून लांबची, दारे-खिडक्या लागणारी, जाड भिंतींची खोली आणि कानावर घट्ट बसणारे हेडफोन लागतात. प्रत्येकाचा कान आधी दिव्याने पाहून मळ काढावा. नाहीतर निम्मे आकडे मळाचे निघतील. आदल्या दिवशी मळणीवर किंवा डीजेपुढे असलेल्या माणसाचा उंबरठा तात्पुरता वर गेलेला असतो, म्हणून तपासणीआधी निदान चौदा तास मोठ्या आवाजापासून दूर राहिल्याची खात्री करावी. वाढपाचे ट्रॅक्टर चालवणाऱ्यांची तपासणी त्यामुळे पंगतीनंतर नव्हे, आदल्या सकाळी व्हावी. प्राथमिक चाळणीला एक, दोन आणि चार हजार हर्ट्झ पुरेसे आहेत. त्याबरोबर तीन प्रश्न : कान वाजतो का, कोणता आणि किती दिवसांपासून, बोलणे ऐकू येते पण समजत नाही असे होते का, मळणी, ट्रॅक्टर, फटाके, इंजेक्शने यांपैकी काय घडले आहे. ज्याची चाळणीत तूट निघेल, ज्याचा एकच कान वाजतो, किंवा ज्याचा आवाज नाडीबरोबर धडधडतो, त्याला बुलढाण्याची तारीख त्याच टेबलावर मिळावी आणि ती त्याच्या गावच्या आशा सेविकेकडेही जावी. ज्यांचे आकडे चांगले निघतील त्यांनाही ते कागदावर द्यावेत, सोबत इअरप्लगची एक जोडी आणि ते कसे बसवायचे याची तिथल्या तिथे एकदा तालीम. पुढच्या पौषात तोच कागद घेऊन तो माणूस आला, की हडंब्याच्या एका हंगामाने त्याच्या कानाचे काय केले हे जिल्ह्यात पहिल्यांदाच मोजता येईल.